निग्रह आणि निधि

गेल्या पावसाळ्यांत एक गृहस्थ मला भेटावयास आले होते. ते एका कचेरींत हिशेबनीस आहेत आणि त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. मुलगा बुद्धिमान तर खराच, पण त्याहूनहि त्याच्या नियमितपणाचें आम्हां शिक्षकांना कौतुक वाटे. प्रयोगशाळेचें कुलूप निघण्यापूर्वीं तो दारांत येऊन उभा असावयाचा. पुढें त्यानें संशोधनाचा मार्ग धरला. दोन वर्षें काम उत्तम चाललें. तिसऱ्या वर्षीं त्यानें तें एकाएकीं सोडून दिलें व एका खाजगी कंपनींत नोकरी पत्करली. वडिलांच्या मनाला ही गोष्ट फार लागली होती. ते म्हणाले, "गुरुजी, मुलाची इच्छाशक्ति कमी पडली, दुसरें काय? थोर माणसें संकटांतून वर येतात आणि आमचा मुलगा मध्येंच बसला."

मी गप्प राहिलों, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. त्या मुलाची शिष्यवृत्ति सात महिने आलेली नव्हती. खोलीचें भाडें थकलें होतें आणि घरीं मागावयाचा त्याला संकोच वाटत होता. त्या दिवसांत तो एकदां माझ्याकडे आला होता, आणि मीं त्याला चंद्रशेखर वेंकट रामन यांची गोष्ट सांगून, "धीर धर," असा उपदेश करून परत पाठविलें होतें. पुढें विचार करतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, ती गोष्ट मीं त्याला अर्धीच सांगितली होती. राहिलेली अर्धी सांगावी, एवढ्याचसाठीं आज मी आपल्यापुढें उभा आहें.

पहिली अर्धी गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांना माहीत असेल. रामन हे १९०७ सालीं, वयाला एकोणीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, सरकारच्या हिशेबखात्यांत अधिकारी म्हणून कलकत्त्यास रुजू झाले. पदार्थविज्ञानाची त्यांना विलक्षण ओढ होती. परंतु त्या काळीं संशोधन करून पोट भरण्याची सोय हिंदुस्थानांत जवळजवळ नव्हतीच. नोकरी मानाची होती, वेतन चांगलें होतें. अशा स्थितींत विज्ञानाचा नाद हळूहळू सुटून गेला असता तर कोणी त्यांना दोष दिला नसता. पण एके दिवशीं जातां-येतां त्यांना बहूबाजार रस्त्यावरील २१० क्रमांकाच्या इमारतीवर एक पाटी दिसली. विज्ञानाच्या संवर्धनासाठीं स्थापन झालेल्या भारतीय संस्थेची ती पाटी होती. त्यांनीं दार ठोठावलें. तें आशुतोष डे नांवाच्या गृहस्थांनीं उघडलें. हेच आशुबाबू पुढें अनेक वर्षें प्रयोगशाळेंत रामन यांचे उजवे हात होऊन राहिले.

त्या दिवसापासून रामन यांचा दिनक्रम ठरून गेला. पहाटे साडेपांचाच्या सुमारास ते संस्थेंत जात. पावणेदहाला घरीं येऊन स्नान करीत, घाईघाईनें चार घांस खात आणि कचेरी गांठीत. पांच वाजतां कचेरी सुटली कीं पुनः संस्था. रात्रीं घरीं परत यावयाला साडेनऊ-दहा वाजत. रविवार तर सबंध तेथेंच जाई. मध्यंतरीं त्यांची रंगूनला आणि नंतर आपल्या नागपुरास बदली झाली. १९११ सालीं ते कलकत्त्यास परत आले आणि तोच क्रम पुढें चालू झाला. १९१७ पर्यंत, म्हणजे मधला बदल्यांचा काळ सोडला तर जवळजवळ सर्व वर्षें, हिशेबखात्याचें काम न चुकवितां त्यांनीं हें दुसरें आयुष्य चालविलें.

ही गोष्ट सांगून झाली कीं आपण म्हणतों, "केवढी ही इच्छाशक्ति!" हा शब्द मात्र आपण फार सैलपणें वापरतों. इच्छाशक्ति म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें मनाशीं चाललेली झुंज येते. मन म्हणतें निजावें, निग्रह म्हणतो उठावें, आणि अखेर निग्रहाचा जय होतो. एखाद्या दिवशीं असें घडेलहि. परंतु वर्षानुवर्षें रोज पहाटे हें द्वंद्व लढावयाचें म्हटलें तर माणूस प्रयोगाला हात लावण्यापूर्वींच थकून जाईल. रामन यांच्या दिनक्रमांत मला दिसतें तें निराळेंच बळ आहे. जावयाचें कीं नाहीं, हा प्रश्नच तेथें उरलेला नव्हता. संकल्प एकदां झाला होता. त्यानंतरचें काम सवय करीत होती.

सवय कशी जडते, याचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं केला व तो २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं ९६ स्वयंसेवकांना एक-एक साधी गोष्ट निवडावयास सांगितली. दुपारच्या जेवणाबरोबर फळ खावयाचें, किंवा रात्रींच्या जेवणापूर्वीं थोडें धांवावयाचें, अशा प्रकारची. ती गोष्ट ते १२ आठवडे करीत राहिले. ती आपोआप, विचार न करतां होऊं लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतात असें आढळून आलें. पण कोणाच्या बाबतींत १८ दिवसच पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. दुसरी एक धीर देणारी गोष्ट त्यांत दिसली. मध्यें एखादा दिवस चुकला म्हणून घडत आलेली सवय मोडत नाहीं. 'एक दिवस खंड पडला, आतां सर्व गेलें,' असें म्हणून हातपाय गाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

परंतु या प्रयोगांतील आणखी एका गोष्टीकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. प्रत्येकाची नवी सवय कोणत्या तरी रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला बांधलेली होती. सदरा टांगावयाला जशी भिंतींत खुंटी लागते, तशी सवय टांगावयालाहि खुंटी लागते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि हात लावतांच उघडणारें दार. रामन यांच्या सवयीची खुंटी म्हणजे बहूबाजारांतील ती इमारत. तें दार बंद असतें तर? पहाटे साडेपांचाला उठून ते कोठें गेले असते? तेव्हां ती खुंटी तेथें कोणीं ठोकून ठेविली, हें आतां पाहूं. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तो हाच.

ती खुंटी ठोकणाऱ्या पुरुषाचें नांव डॉक्टर महेंद्रलाल सरकार. १८६३ सालीं कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयाची सर्वोच्च पदवी त्यांनीं मिळविली. पुढें होमिओपाथीचा पुरस्कार केल्यामुळें व्यवसायबंधूंचा रोष त्यांनीं ओढवून घेतला. १८६९ सालीं त्यांनीं आपल्या मासिकांत एक लेख लिहून, आमच्या लोकांनीं स्वतःच्या पैशानें चालविलेली व स्वतःच्या देखरेखीखालची अशी विज्ञानसंस्था हवी, असें प्रतिपादन केलें. मग हा कामाचा माणूस रोग्यांना तपासून उरलेल्या वेळांत वर्गणीसाठीं दारोदार फिरूं लागला. उत्तरपाड्याचे जमीनदार जयकृष्ण मुखर्जी यांनीं एक हजार रुपये देऊन आरंभ केला. तरीहि विचार मांडल्यापासून संस्था उभी राहीपर्यंत सात वर्षें गेलीं. १८७६ सालीं ती स्थापन झाली. फादर लाफाँ यांसारख्या विद्वानांनीं तेथें व्याख्यानें दिलीं. कोणी उपकरणांसाठीं, कोणी प्रयोगशाळेच्या इमारतीसाठीं देणग्या दिल्या. विजयनगरच्या महाराजांचें नांव त्यांत ठळक आहे.

पण डॉक्टर सरकारांचें समाधान झालें नव्हतें. इमारत झाली, उपकरणें आलीं, व्याख्यानें चाललीं. परंतु सर्व वेळ संशोधनालाच देणारा एकहि अध्यापक त्यांना नेमतां आला नाहीं. अध्यापक नेमावयाचा तर त्याला दरमहा वेतन पाहिजे, आणि ज्याच्या व्याजांतून तें कायमचें निघेल असा निधि कोणी देईना. लोक समारंभाला येत, भाषण ऐकत, एकदां रक्कम देत आणि आपलें कर्तव्य झालें असें मानीत. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत डॉक्टरांनीं आपली निराशा उघड बोलून दाखविली. १९०४ सालीं ते वारले, ते आपलें जीवितकार्य फसलें अशाच समजुतीनें. त्यानंतर तीनच वर्षांनीं एका तरुण हिशेब-अधिकाऱ्यानें तें दार ठोठावलें. त्या वेळीं डॉक्टरांचे पुत्र अमृतलाल हे संस्थेचे चिटणीस होते, आणि त्यांनीं संस्थेचें सर्व साहित्य या अपरिचित तरुणापुढें मोकळें केलें.

पुढचा भाग तर अधिकच बोलका आहे. रामन कितीहि नियमित असले तरी दिवसाचे उत्तम आठ तास कचेरीला जातच होते. ते विज्ञानाला मिळाले कसे? तारकनाथ पालित या कलकत्त्याच्या प्रसिद्ध वकिलांनीं आपली मोठी संपत्ति विद्यापीठाला देऊन तिच्या उत्पन्नांतून पदार्थविज्ञानाचें अध्यासन निर्माण केलें. कुलगुरु आशुतोष मुखर्जी यांनीं त्या जागीं रामन यांना बोलाविलें, आणि १९१७ सालीं ते जवळजवळ निम्म्या वेतनावर तेथें गेले. निम्मे वेतन सोडणें हा रामन यांचा निग्रह खरा. पण उरलेलें निम्मे वेतन महिन्याच्या महिन्याला देणारा निधि तेथें होता, म्हणूनच त्या निग्रहाला वाट मिळाली. जें सुख महेंद्रलालांना आपल्या डोळ्यांनीं पाहतां आलें नाहीं, तें पालितांच्या दानानें प्रत्यक्षांत आलें.

२८ फेब्रुवारी १९२८ या दिवशीं बहूबाजारच्या प्रयोगशाळेंत रामन व त्यांचे सहकारी कृष्णन् यांच्या कामाला यश आलें. एका रंगाचा प्रकाश द्रवांतून जातांना त्याचा अत्यल्प अंश आपला रंग बदलून बाहेर पडतो, हें सिद्ध झालें. आणि १९३० सालीं त्याबद्दल रामन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्या शोधाला लागलेलीं उपकरणें अवघ्या दोनशे रुपयांचीं होतीं, असें आपण अभिमानानें सांगतों. हा अभिमान मला थोडा घातक वाटतो. दोनशे रुपये हा त्या दिवसाच्या टेबलावरील साहित्याचा हिशेब झाला. तें टेबल ज्या दालनांत होतें तें दालन, ग्रंथालय, विद्यार्थ्यांच्या वृत्त्या, अध्यासनाचें अकरा वर्षांचें वेतन आणि त्यामागील पन्नास वर्षांच्या वर्गण्या, हें सर्व कोणाच्या वहींत मांडावयाचें? शोध स्वस्तांत होतो असा समज एकदां पसरला, म्हणजे धनिक निश्चिंत होतो आणि विद्यार्थी मात्र आपल्या दारिद्र्यालाच गुण समजूं लागतो.

येथें मला माझा मुख्य मुद्दा सांगावयाचा आहे. देणगी आणि निधि यांत जो भेद आहे, तोच संकल्प आणि सवय यांत आहे. देणगी एकदां दिली जाते. संकल्पहि एकदां केला जातो. निधि मुद्दल राखून वर्षानुवर्षें आपलें व्याज देत राहतो. सवयहि माणसाचा पहिला उत्साह ओसरल्यावर आपलें काम करीत राहते. समाजानें स्वतःला लावून घेतलेली देण्याची सवय म्हणजे निधि. संशोधकाला रोज येण्याची सवय पाहिजे हें खरें. पण पैसा देणारालाहि वेळच्या वेळीं देण्याची सवय पाहिजे. या दोन सवयींपैकीं एक तुटली कीं दुसरी फार दिवस टिकत नाहीं.

ही माझी केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेंत रॉचेस्टर येथील संशोधकांनीं २०१३ सालीं एक लहानसा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलापुढें एक गोड वडी ठेवावयाची आणि सांगावयाचें कीं, मी परत येईपर्यंत ही खाल्ली नाहींस तर तुला आणखी एक मिळेल. मुलें किती वेळ धीर धरतात यावरून त्यांचा मनोनिग्रह मोजण्याची ही रीत जुनीच आहे. या संशोधकांनीं तींत एक भर घातली. वडीपूर्वीं मुलांना चित्र काढावयास बसविलें आणि चांगले रंग आणून देण्याचें वचन दिलें. कांहींच्या बाबतींत तें पाळलें. कांहींना मात्र, "रंग सांपडले नाहींत," असें सांगितलें. मग वडीचा प्रयोग केला. ज्यांना दिलेलें वचन पाळलें होतें तीं मुलें सरासरी बारा मिनिटें थांबलीं. ज्यांना दिलेला शब्द मोडला होता तीं अवघीं तीन मिनिटें. मुलें एकूण २८च होतीं, म्हणून त्यावरून फार मोठें अनुमान काढूं नये. तथापि एवढें दिसतें कीं, आपण ज्याला मनोनिग्रह म्हणतों त्यांत समोरच्या माणसाच्या शब्दावरील विश्वासाचा वांटा थोडाथोडका नसतो. शब्द मोडणाऱ्यापुढें धीर धरून बसणें हें शहाणपण नव्हे, हें लहान मुलालाहि कळतें.

आपल्या मुंबईचे जमशेटजी टाटा यांनीं हें मर्म ओळखलें होतें. संशोधनाच्या उच्च संस्थेसाठीं त्यांनीं १८९८ सालीं सुमारे तीस लाख रुपयांच्या मालमत्तेचें दान जाहीर केलें. दरवर्षीं उत्पन्न देत राहील अशी मालमत्ता त्यांनीं देऊं केली, हें विशेष. सरकारच्या शंका-कुशंकांत वर्षें गेलीं. जमशेटजीहि महेंद्रलालांप्रमाणें १९०४ सालींच वारले. पण त्यांच्या पुत्रांनीं वडिलांचा शब्द मोडला नाहीं. म्हैसूरच्या राजघराण्यानें ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ सालीं बंगळूरची विज्ञानसंस्था स्थापन झाली.

याच संस्थेचे संचालक म्हणून रामन १९३३ सालीं गेले, आणि येथें गोष्टीला एक वळण मिळतें, तें मीं लपवूं नये. त्याच वर्षीं मुंबई विद्यापीठांत पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनीं तेथें प्रवेश मागितला, आणि केवळ त्या स्त्री आहेत म्हणून रामन यांनीं तो नाकारला. अनोळखी असतांना ज्यांच्यासाठीं एक दार उघडलें गेलें होतें, त्यांनींच दुसऱ्याच्या तोंडावर दार लावावें, हें आश्चर्य खरें. कमलाबाई हटल्या नाहींत. त्यांनीं बंगळूरला जाऊन आपला हक्क मागितला. एक वर्ष कसोटी पाहण्याच्या अपमानकारक अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांनीं पहाटेपासून रात्रींपर्यंत काम करून आपली योग्यता सिद्ध केली, आणि रामन यांनाहि आपलें मत बदलावें लागलें. पुढें मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीच्या बळावर त्या केंब्रिजला गेल्या व १९३९ सालीं डॉक्टरेट मिळवून आल्या. कमला सोहोनी या नांवानें महाराष्ट्र त्यांना ओळखतो. निधि असला तरी दार उघडें पाहिजे. आणि दार उघडलें तरी महिन्याचा खर्च पुरविणारी वृत्ति पाहिजे. त्यांच्या निग्रहाला वंदन करतांना, दारांतूनच परत गेलेल्या कितीजणींचीं नांवें आपल्याला ठाऊकहि नाहींत, याचीहि आठवण ठेवली पाहिजे.

आजची व्यवस्था कशी आहे, हें थोडक्यांत सांगतों. आपल्या देशांत संशोधनाचा बहुतेक भार सरकारी तिजोरीवर आहे. संशोधक आपल्या कामाची योजना लिहून पाठवितो, त्या विषयांतील जाणकार ती तपासतात आणि पसंत पडल्यास बहुधा तीन वर्षांसाठीं अनुदान मंजूर होतें. विद्यार्थ्याला निर्वाहासाठीं शिष्यवृत्ति मिळते. राष्ट्रीय परीक्षेंतून निवडलेल्या कनिष्ठ संशोधकासाठीं ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये ठरली. एकूण उत्पादनाच्या मानानें पाहिलें तर २०२०-२१ सालीं भारतानें संशोधन व विकास यांवर ०.६४ टक्के खर्च केला. दक्षिण कोरिया हा देश चार टक्क्यांहून अधिक करतो. २०२३ सालीं कायदा होऊन अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निर्माण झालें. पांच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करावयाचे आणि त्यांतील मोठा भाग उद्योगपति, दानशूर इत्यादि बिनसरकारी मार्गांनीं मिळवावयाचा, असा त्यामागील संकल्प होता.

संकल्प मोठा आहे आणि मी त्याचें स्वागतच करतों. परंतु आंकडा केवढा, यापेक्षां तो हातीं केव्हां पडतो, हा प्रश्न प्रयोगशाळेंत बसलेल्या मुलाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा असतो. मंजूर झालेला हप्ता वर्ष संपतां-संपतां आला तर मधल्या काळांत रसायनें संपतात, यंत्र दुरुस्तीवांचून पडून राहतें, आणि पहाटे दारांत उभें राहण्याची सवय मुकाट्यानें मरते. हजारों रुपयांचें अनुदान आणि दोन वर्षांची मेहनत एका उशिरानें वायां जाते. हा तोटा कोणत्याहि जमाखर्चांत दिसत नाहीं.

मीं हें सर्व त्या हिशेबनीस गृहस्थांना सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "गुरुजी, माझी नोकरी तीस वर्षांची झाली. कचेरींत माझ्या नियमितपणाचें सगळे नांव घेतात. पण तीस वर्षांत माझा पगार एकदांहि चुकला नाहीं, हें मीं कधीं मोजलेंच नव्हतें."

श्रोतेहो, तरुण विद्यार्थ्यांना माझें सांगणें जुनेंच आहे. मोठ्या निग्रहाची वाट पाहूं नका. लहानशी वेळ ठरवा, जागा ठरवा आणि दोन-तीन महिने तेथें जात राहा. पण जे वडीलधारे आहेत, ज्यांच्या हातीं संस्था आहेत, ज्यांच्या सहीनें पैसा सुटतो, आणि ज्यांना देवानें चार पैसे अधिक दिले आहेत, त्यांना माझी विनंति आहे. मुलांना धैर्याचा उपदेश करण्यापूर्वीं आपण दिलेला शब्द आपण तारखेला पाळला कीं नाहीं, तें पाहावें. लहानसा कां होईना, निधि ठेवावा. आपल्या गांवच्या महाविद्यालयांत एका विद्यार्थ्याची एक वृत्ति चालेल एवढा जरी तो झाला तरी पुरे. कोणत्या पहाटे कोण येऊन दार ठोठावील, हें महेंद्रलालांना तरी कोठें ठाऊक होतें?

त्या मुलाला मीं पत्र लिहिलें आहे. त्यांत उपदेश कांहीं नाहीं. गोष्टीचा जो अर्धा भाग मीं त्याला सांगितला नव्हता, तेवढाच लिहिला आहे, आणि शेवटीं त्याची क्षमा मागितली आहे.